वकिलाची दुष्काळनीती

पुसदला वकिली करणारे वसंतराव नाईक १९४६ मध्ये तेथील नगराध्यक्ष आणि १९६३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांची खरी कसोटी लागली ती १९७२च्या दुष्काळात. लक्षावधी शेतकरी व मजूर खडी फोडावयास आले होते. काम मागणे हा मजुराचा हक्क होय, हा वि. स. पागे यांचा विचार नाईकांच्या शासनाने रोजगार हमी योजनेच्या रूपाने स्वीकारला. नाईक पायउतार झाल्यावर, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसायकर बसला. तो आजही कापला जातो. म्हणूनच मजुराला मागेल तेव्हा काम मिळते काय, हे शासनाला विचारणे शिक्षक-कारकुनांचेही कर्तव्य ठरते.