न पेरता उगवलेलं

मृगाचे दोन पाऊस पडले की माझ्याकडे ठरावीक प्रश्नाची पत्रं येऊ लागतात. ‘पायरीच्या फटीत, तुळशीच्या बुंध्याशी, नळाखाली न लावलेली रोपं उगवली आहेत. उपटू की ठेवू?’ परवा एका भगिनीने तर लिहिलं, ‘विकत आणलेला गुलाब मी लेकरासारखा जपते, तर तो रुसून बसतो. आणि हा तेरडा मेला कुणी न बोलावता अंगणभर!’

उत्तर एका ओळीत द्यायचं तर, उपटा, पण सगळं नको आणि आज नको. पंधरा दिवस थांबा. उगवल्याबरोबर सगळी रोपं सारखीच दिसतात, आणि आपण तण समजून घरची फुलंच टोपलीत भरतो. माझ्या हातून हे पाप पुष्कळदा झालंय. पहिली दोन पानं बघून काही ठरवू नका. त्यामागून येणारी पानं खरी ओळख देतात. तेरड्याची ती लांबट, कडेला बारीक करवती दाते असलेली, आणि देठ पाणीदार, नखाने दाबला तर मोडेल असा. गुलबक्षीची पहिली दोन पानंच मोठी आणि जाड असतात, ती लगेच कळते. झेंडूचं पान चुरडलं की वासच नाव सांगतो.

ओळख पटली की विरळणी करा. तेरड्याच्या दोन रोपांत वीतभर अंतर हवं. दाटीवाटीत तो नुसता उंच वाढतो आणि पावसाच्या एका सरीत आडवा होतो. जास्तीची रोपं चार-सहा पानांवर असताना, ढगाळ दिवशी, संध्याकाळच्या वेळी मुळाशी मातीचा गोळा ठेवून हलवा. दुसऱ्या दिवशी मान टाकतील. घाबरू नका, तिसऱ्या दिवशी उभी राहतात.

आता एकेकीचा स्वभाव सांगते.

गुलबक्षी ही हट्टी. मिरीच्या दाण्यासारखं काळं बी जिथे पडेल तिथे रुजतं, आणि खाली जमिनीत कंद धरतं. वरून कितीही खुडा, कंद राहिला की पुन्हा फुटणारच. दुपारी चारनंतर उमलते, म्हणून दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी ती जरूर ठेवावी. आपण घरी येतो त्या वेळेला ती जागी असते. मात्र बी आणि मुळं पोटात जाणं बरं नव्हे, रांगतं मूल असेल तर बी वेचून टाका. या गुलबक्षीची एक गंमत सांगते. पानांवर पांढरे पट्टे असलेली गुलबक्षी घेऊन कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली दाखवून दिलं, की रोपाच्या पानांचा हा रंग आईच्या फांदीकडूनच येतो, पराग कुठल्याही झाडाचा घाला. घरी हे वाचून दाखवलं, तर ‘हे’ वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, ‘असेल.’

सदाफुली ही गुणी. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे कौलाच्या वळचणीला, भिंतीच्या फटीत सुद्धा संसार मांडते. पाणी कमी चालेल, साचलेलं चालणार नाही. हिच्यापासून मिळणारी औषधं रक्ताच्या कर्करोगावर, लहान मुलांच्या सुद्धा, वापरतात. पण म्हणूनच सांगते, कुणी सांगितलं म्हणून साखर कमी व्हायला हिची पानं चावू नका. औषध ते कारखान्यात शुद्ध होऊन, डॉक्टरांच्या हातून येतं. परसातलं पान हे विषही असतं.

कॉसमॉसबद्दल मात्र थोडं कठोर व्हायचंय. केशरी-पिवळा कॉसमॉस दिसतो सुरेख, पण त्याचं सुईसारखं बी कुंपण ओलांडतं. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो इतका पसरलाय, की तिथल्या मूळच्या गवताला आणि रानफुलांना जागा उरत नाही. हौस असेल तर लावा, पण फुलं वाळायच्या आधी खुडा आणि वाळकी झाडं ओढ्याकाठी फेकू नका. आपल्या अंगणाची हौस दुसऱ्याच्या रानाला भारी पडू नये.

आता तेरडा. त्याचं मात्र थोडं घरचं सांगावं लागेल.

आमचं घर साताऱ्याचं. सासूबाईंच्या हातचा तेरडा न्हाणीमागे, परसाच्या पूर्व कोपऱ्यात होता. पावसाळ्यात तिथे गुलाबी, जांभळी गर्दी व्हायची आणि भाद्रपदात गौरी त्याच तेरड्याच्या यायच्या. सासूबाई रोप मुळासकट उपटायच्या. ‘मुळं म्हणजे गौरीची पावलं, नुसती फांदी काय कामाची?’ असं म्हणून एकेक मूळ धुऊन पुसून घ्यायच्या.

त्या गेल्या आणि २००९ साली वाटणी झाली. कुणाचं चुकलं ते आता सांगत बसत नाही. दोन्हीकडची भांडी वाजली एवढं खरं. परसाच्या मधोमध छातीएवढी भिंत आली, आणि तेरड्याचा कोपरा थोरल्या जाऊबाईंकडे गेला. आमचा अबोला झाला. त्या वर्षी मी मंडईतून तेरड्याची जुडी आणली. सुतळीने बांधलेली, मुळं अर्धी तुटलेली. गौर बसली, पण माझं मन काही बसलं नाही. भिंतीपलीकडे तेरडा डुलताना माडीवरून दिसत होता, आणि मागायला तोंड नव्हतं.

पुढच्या आषाढात भिंतीच्या बुडाशी, पावसाचं पाणी निघून जायला ठेवलेल्या मोरीपाशी, चार रोपं दिसली. करवती पान, पाणीदार देठ. तेरड्याचं पिकलं बोंड तुम्ही कधी चिमटीत धरलंय? हात लागायचा अवकाश, त्याच्या पाच पाकळ्या फट्‌दिशी आत वळतात आणि बिया चार-पाच हात लांब उडतात. एवढ्याने काही भिंत ओलांडणं होत नाही. पण त्यांच्या बाजूचा उतार आमच्याकडे. पाण्याबरोबर बी मोरीतून आलं. वाटणीचा कागद त्याने वाचला नव्हता.

मग दरवर्षी मी बघत राहिले. दुसऱ्या वर्षी तेरडा भिंतीच्या कडेने सरकला, तिसऱ्या वर्षी वाटेच्या दगडांत, पुढे धुण्याच्या दगडाशी, मग तुळशीपाशी. मध्ये एकदा हौसेने गुलाबासारखा भरगच्च डबल तेरडा विकत आणून लावला. दोन-तीन वर्षांत त्याच्या बियांतूनही बहुतेक साधीच गुलाबी फुलं येऊ लागली. मधमाश्या काही निवडून बसत नाहीत. मीही मग नाद सोडला.

२०१७ साली थोरल्यांकडे गाडी आली आणि पलीकडचं सगळं परस फरसबंद झालं. सासूबाईंचा कोपरा त्याखाली गेला. मला तेव्हा वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. आता तेरडा फक्त माझ्याकडे होता.

त्याच वर्षी गौरींच्या सकाळी मी रोपं उपटत होते. भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या. जाऊबाई उभ्या होत्या, हातात मंडईतली जुडी. सुतळीने बांधलेली, मुळं तुटलेली. ती जुडी बघून मला आठ वर्षांपूर्वीची मी दिसले. बरं वाटण्याची माझी सगळी ऐट तिथेच उतरली. मी पाच रोपं धुतली आणि भिंतीवर ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, ‘मुळं चांगली राखलीस हो.’

बस, एवढंच. गळ्यात गळे घातले नाहीत, भिंतही पडली नाही. पण तेव्हापासून दरवर्षी गौरी आवाहनाच्या सकाळी पाच रोपं भिंतीवर जातात आणि संध्याकाळी तिथेच झाकलेली वाटी येते. कधी करंज्या, कधी नुसता खोबऱ्याचा सारण. मागच्या पावसाळ्यात जाऊबाईंनी स्वतः हाक मारून दाखवलं. त्यांच्या फरशीच्या सांध्यात, गाडीच्या चाकाला टेकून, एक तेरडा उगवला होता. ‘मुलाला सांगितलंय, गाडी हातभर पुढे लाव,’ म्हणाल्या.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण टाकून बोलतो. गौर तरी कुठे तिसऱ्या दिवसानंतर राहते? रंगाकडे बघून त्याला नावं ठेवतो, पण बोंडाकडे कुणी बघत नाही.

म्हणून विचारणाऱ्या सगळ्या भगिनींना सांगते. वाटेतला, पाय घसरेल असा, गटार तुंबवणारा उपटा. कोपऱ्यातला ठेवा. गौरीविसर्जनानंतर सगळी झाडं एकदम काढू नका, दोन-चार बोंडं पिकू द्या. बी हवं असेल तर बोंड फिकट, फुगीर झालं की त्यावर कागदाची पिशवी धरून हलकेच दाबा, म्हणजे बी पिशवीतच उडेल. सावलीत वाळवून डबीत ठेवा आणि डबीवर साल लिहा. आणि शेजारी कुणाचं अंगण नुकतंच फरसबंद झालं असेल, तर त्यातलं चिमूटभर तिकडेही द्या. तिने मागितलं नाही, तरी.