विश्लेषण : उंच खेळाडूंचा नेम कच्चा असतो का? ‘एनबीए’चे आकडे का फसवतात?

उंच खेळाडूने रिंगखाली उभे राहायचे आणि कमी उंचीच्या खेळाडूने दुरून नेम धरायचा, ही बास्केटबॉलमधील जुनी वाटणी. उंची आणि नेम एकत्र नांदत नाहीत, असा समज त्यातूनच रुजला. अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक लीगची आकडेवारीही वरवर पाहता या समजाला दुजोरा देते. मात्र हे आकडे नेमके कोणाचे आहेत, हा प्रश्न विचारला की चित्र बदलते.

आकडेवारी काय सांगते?

नेम मोजण्याची सर्वांत स्वच्छ कसोटी म्हणजे ‘फ्री थ्रो’. रिंग १० फूट उंचीवर, रेषा बोर्डापासून १५ फुटांवर आणि समोर अडवायला कोणीही नाही. सर्वांना अट सारखीच. यात ७ फूट १ इंच उंचीच्या शकील ओनीलची कारकीर्दीतील यशाची टक्केवारी ५२.७, तर तेवढ्याच उंचीच्या विल्ट चेंबरलेनची ५१.१. याउलट ६ फूट ३ इंचांचा स्टीव्ह नॅश ९०.४ टक्क्यांवर, तर ६ फूट २ इंचांचा स्टीफन करी सुमारे ९१ टक्क्यांवर. ‘एनबीए’च्या इतिहासातील सर्वांत कमी उंचीचा, ५ फूट ३ इंचांचा मग्सी बोग्सही ८२.७ टक्के यशस्वी ठरला.

मग एकूण शूटिंगमध्ये उंच खेळाडू पुढे कसे?

सामन्यातील सर्व ‘फिल्ड गोल’ची टक्केवारी पाहिली तर गणित उलटते. ओनील ५८.२ टक्के, करी सुमारे ४७ टक्के. याचा अर्थ ओनीलचा नेम चांगला होता, असा नाही. तो रिंगच्या अगदी जवळून चेंडू टाकत असे, तर करीचे निम्म्याच्या आसपास प्रयत्न ‘थ्री पॉइंट’ रेषेबाहेरून होतात. अंतर लक्षात न घेता दोघांची तुलना करणे म्हणजे सोपी आणि अवघड प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्यांचे गुण एकाच यादीत लावणे.

निवडीची चाळणी म्हणजे काय?

‘फ्री थ्रो’मधील तफावतीचे एक मोठे कारण खेळाडूंच्या निवडीत दडले आहे. समजा, उंचीला १० आणि नेमाला १० गुण आहेत आणि संघात येण्यासाठी बेरीज किमान १२ हवी. उंचीत ९ गुण असलेल्याला नेमात ३ गुण पुरतात. उंचीत ४ गुण असलेल्याला मात्र नेमात ८ गुण मिळवावेच लागतात. उंची कमी आणि नेमही कच्चा, असे असंख्य तरुण या चाळणीतून खालीच पडतात. त्यांचे आकडे कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. त्यामुळे सर्वसामान्य तरुणांमध्ये उंची आणि नेम यांचा काडीचाही संबंध नसला, तरी निवडलेल्यांमध्ये ‘उंची वाढली की नेम घटतो’ असे दिसू लागते.

संख्याशास्त्रात याला ‘बर्कसनचा विरोधाभास’ म्हणतात. रुग्णालयात दाखल झालेल्यांचीच नोंद तपासली तर परस्परांशी संबंध नसलेले दोन आजारही संबंधित भासू शकतात, हे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवले होते.

उंच खेळाडूंना नेम जमतच नाही का?

तसे असते तर ७ फुटांच्या डर्क नोव्हिट्स्कीने ८७.९ टक्के आणि ७ फूट ६ इंचांच्या याओ मिंगने ८३.३ टक्के ‘फ्री थ्रो’ यशस्वी केलेच नसते. मोठ्या पंजात चेंडू नीट बसत नाही, असे कारण अनेकदा दिले जाते. त्यात तथ्य असेलही. पण उंच हातातून सुटलेला चेंडू रिंगच्या अधिक जवळून निघतो, हा फायदाही आहेच.

दुसरे कारण सरावाचे. ७ फुटांच्या ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून केवळ ३१ ‘थ्री पॉइंटर’ मारून पाहिले आणि त्यातले ३ यशस्वी झाले. पुढच्या एकट्या २०१६-१७ च्या हंगामात त्याने १३४ यशस्वी केले. त्याची उंची तीच होती, संघाने दिलेले काम बदलले होते.

यातून धडा कोणासाठी?

हा धडा मुख्यतः शाळा आणि क्लबच्या मैदानावरील प्रशिक्षकांसाठी आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच असलेला मुलगा अनेकदा थेट रिंगखाली पाठवला जातो आणि दुरून चेंडू टाकण्याचा सराव त्याच्या वाट्याला येत नाही. काहींची उंची लवकर वाढते आणि लवकर थांबते. असा मुलगा अठराव्या वर्षी सरासरी उंचीचा निघाला, तर त्याच्याकडे ना उंची उरते, ना नेम. उशिरा वाढणारा मुलगा तोवर मैदानाबाहेर गेलेला असतो.

‘एनबीए’चे आकडे चाळणीतून वर आलेल्या मोजक्या प्रौढ खेळाडूंचे आहेत. अजून वाढत असलेल्या मुलांना तो नियम लावणे चुकीचे आहे. तोपर्यंत सर्वांना सारखेच चेंडू टाकू द्यावेत आणि नेम कोणाचा चांगला, हे उंचीवरून ठरवण्याऐवजी मोजून पाहावे.