फराळाचा हिशेब आणि शतपावली

‘दिवाळी झाली की सुरू करू’ हे वाक्य आश्विन महिन्यात जितक्या घरांतून ऐकू येते, तितके दुसरे कोणतेही वाक्य ऐकू येत नसेल. काय सुरू करायचे ते सांगावेही लागत नाही. सकाळचे फिरणे, सूर्यनमस्कार, चहातली साखर कमी करणे, रक्त तपासून घेणे, असे सगळे त्यात येते. मीही बरीच वर्षे हे वाक्य म्हणत आलो आहे, त्यामुळे त्यातली मेख मला चांगली ठाऊक आहे. दिवाळी झाली की तुळशीची लग्ने लागतात आणि पाठोपाठ माणसांची. मग नाताळ, एकतीस डिसेंबर, संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी. आपल्या पंचांगात सगळ्या तिथी आहेत. ‘नंतर’ नावाची तिथी मात्र नाही.

सणासुदीत वजन नेमके किती वाढते, याचा एक नेटका अभ्यास अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झाला होता. तिथल्या नोव्हेंबर ते जानेवारी या सणांच्या काळात १९५ प्रौढांची वजने पुन्हा पुन्हा मोजली गेली. सरासरी वाढ निघाली सुमारे ३७० ग्रॅम. म्हणजे घाबरून जावे असे काही नव्हते. पण ही वाढ पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात उतरलीच नाही. त्यांचे सण निराळे, आपले निराळे. तरी शरीराचा जमाखर्च दोन्हीकडे सारखाच. दर वर्षी एवढीच शिल्लक मागे राहिली तरी वीस दिवाळ्यांत ती सात किलोंच्या वर जाते. एका दिवाळीने कोणी स्थूल होत नाही. न उतरलेल्या दिवाळ्या साचत जातात.

आपल्याकडे हे साचणे कुठवर आले आहे, ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली पुढे आले. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असा तो अंदाज आहे. आपल्या जिन्यातली, आपल्या कार्यालयातली आणि बहुधा आपल्या पंगतीतलीही माणसे या आकड्यांत आहेत.

असे आकडे आले की बोट सरळ फराळाच्या डब्याकडे जाते. मला तो आरोप अर्धाच खरा वाटतो. लाडू, करंजी, चकली, शंकरपाळे आपले आजी-आजोबाही खात होते, आणि हात आखडता घेऊन खात होते असेही नाही. फरक दोन गोष्टींत पडला. पहिली ही की, फराळ तेव्हा वर्षातून एकदा होई. चकलीची भाजणी दिवाळीलाच भाजली जाई आणि डबा संपला की पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागे. आता चकली बाराही महिने कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवीत लटकलेली असते. सण रोजचा झाला की तो सण उरत नाही, सवय होते.

दुसरी गोष्ट कष्टांची. अनारसे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवायचे, कुटायचे, चाळायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचे आणि मग कुठे एकेक अनारसा खसखशीवर थापून तुपात सोडायचा. पदार्थ तोंडात पडण्याआधी शरीर त्याच्यासाठी आठवडाभर झिजलेले असे. आज एका दूरध्वनीवर डबा दाराशी येतो आणि तो घ्यायला उठायचे, एवढाच काय तो व्यायाम.

पण जुन्या कष्टांचे गोडवे गाण्याआधी मला थोडे थांबावेसे वाटते. ते कष्ट माझे नव्हते; माझ्या आईचे होते. ती रात्री उशिरापर्यंत कढईपुढे बसे, आणि आम्ही पुरुषमंडळी लाडू वळून होण्याआधीच चव बघायला हजर असू. गॅस, मिक्सर आणि तयार फराळ यांनी तिच्या पिढीची आणि पुढच्या पिढीची पाठ सोडवली, ते योग्यच झाले. प्रश्न पुढचा आहे. त्यातून वाचलेला वेळ बाईच्या हाती कितीसा आला?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे सांगते. संघटनेच्या अभ्यासकांनी २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते. जिच्या दिवसाला उसंत नाही, ती व्यायामात मात्र मागे, यात मला काहीच विसंगती दिसत नाही. नोकरी, डबे, मुलांच्या शिकवण्या आणि सासू-सासऱ्यांची औषधे यांत दिवस संपतो. त्यात दमणूक पुष्कळ होते, पण दम वाढेल असे चालणे होत नाही. तेव्हा ‘सणात व्यायाम सोडू नका’ हा सल्ला घरातल्या बाईला देण्याआधी तिचा अर्धा तास मोकळा करून देणे हे बाकीच्यांचे काम आहे.

आता व्यायामाबद्दलच्या एका गैरसमजाविषयी. ‘आज दोन लाडू जास्त झाले, उद्या चालून जिरवू’ असे आपण सहज म्हणतो. तुपातल्या एका मध्यम बेसनलाडवात दोनशेच्या आसपास उष्मांक असतात. साठ किलो वजनाचा माणूस तासभर झपाझप चालला तर दोन-सव्वादोनशे खर्ची पडतात. म्हणजे एका लाडवाला एक तास! या बाजारात आपण कधीच फायद्यात यायचे नाही. चालणे ही लाडवाची शिक्षा नव्हे. त्याचे मोल वेगळे आहे आणि ते आपल्या जुन्या शतपावलीत दडलेले आहे. जेवणानंतर पायांचे स्नायू हलू लागले की रक्तात उतरणारी साखर ते वापरू लागतात आणि तिची उसळी कमी होते. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटांचे सावकाश चालणेही उपयोगी पडते. शंभर पावलांवर न थांबता हजारभर घातली, की आजीचा सल्ला आजही पुरेसा शास्त्रीय आहे.

दिवाळीचा मूळ साचा तर हालचालीचाच आहे. पहाटे उठणे, दगड-माती वाहून मुलांबरोबर किल्ला करणे, ओळखीच्यांकडे पायी जाऊन येणे. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नटूनथटून जमणारी तरुण मंडळी चालत-बोलतच सण साजरा करतात. मात्र ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे, त्यांनी नरकचतुर्दशीच्या पहाटे फिरायला जाण्याचा आग्रह धरू नये. थंड, स्थिर हवेत फटाक्यांचा धूर जमिनीलगत रेंगाळतो. त्या दिवसांत दुपार कलल्यावर चालणे बरे. आणि सणापुरत्या मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या विसरण्याची चैन कोणीच करू नये.

चालायचे खरे, पण कुठे? ऐन दिवाळीच्या आठवड्यात शहरातले पदपथ वाहने आणि विक्रीच्या मांडण्यांखाली नाहीसे होतात. पुणे महापालिकेने २०२१ साली ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा केला आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवला. कल्पना चांगली होती. पण पायी चालणाऱ्यांची खरी गर्दी ज्या आठवड्यात होते, त्या दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत असे का करू नये? व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक गमावण्याची भीती वाटेल. परंतु दुकानात शिरतो तो पायांवर चालणारा माणूस. मोटार काही काऊंटरपर्यंत येत नाही. तब्येतीची सगळी जबाबदारी माणसावर टाकायची आणि त्याला पाऊल ठेवायला जागाच द्यायची नाही, हा न्याय नव्हे.

आमच्या घरी यंदा आम्ही तीनच पदार्थ घरी करायचे ठरवले आहे. चकलीचा सोऱ्या माझ्याकडे आहे. तो दाबताना खांदे कसे भरून येतात, ते पन्नाशी उलटल्यावर कळते आहे. जेवण झाले की भांडी मी आणि मुलगा घासणार, आणि तोवर घरातल्या दोघीजणी खाली चक्कर मारून येणार. मग आमची शतपावली. ‘दिवाळी झाली की’ हे शब्द यंदा उच्चारायचे नाहीत, असेही ठरले आहे. बघू, भाऊबिजेपर्यंत किती टिकते ते.