थकलो की कंटाळलो?



शहादे तालुक्यातील एका गावी बोंडअळीवरची बैठक आटोपून एका घरी चहाला बसलो होतो. घरधन्याची नववीतली मुलगी वही घेऊन आली. "काका, 'आय ॲम टायर्ड' आणि 'आय ॲम टायर्ड ऑफ इट' यांत फरक काय? दोन्हींत दमणंच ना?"

म्हटले, "नाही पोरी. पहिल्यात अंग दमले आहे. भाकर खाल्ली, झोप झाली की थकवा उतरतो. दुसऱ्यात मन विटले आहे. त्याला झोपेचा उतारा नाही."

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. मुले शब्द पाठ करतात, पण भावना सांगताना अडतात. 'आय ॲम बोअर्ड' म्हणजे मला कंटाळा आला. 'आय ॲम बोअरिंग' म्हटले तर मीच लोकांना कंटाळा आणतो, असे होईल. 'आय वरी' म्हणजे मी काळजी करीत असतो, ती सवयच. 'आय ॲम वरीड' म्हणजे सध्या काळजीत आहे. कुणाच्या घरी दुःख झाले असता इंग्रजीत 'आय ॲम सॉरी' म्हणतात, तेव्हा ती माफी नसते. फार वाईट वाटले, एवढाच अर्थ.

आपली रीत निराळी. आपल्याकडे राग 'येतो', भीती 'वाटते', चिंता 'लागते'. अहिराणीतही 'माले राग उना' असेच म्हणतात. भावना पाहुण्यासारखी येते, तशी जातेही. इंग्रजीत मात्र बहुतेक वेळा माणूस स्वतःच रागीट, दुःखी वा चिंतित 'असतो'. म्हणून मुलांना शब्दाला शब्द जोडायला सांगू नका. आधी मनात काय आहे ते मराठीत नीट बोलायला सांगा.

एवढे बोलणे झाले, तोच चुलीपाशी बसलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे पूर्वी थकलो म्हणायचे. आता दोन महिने झाले, कंटाळलो म्हणतात."

घरधनी खाली मान घालून बसला होता. मी उठायचा होतो, तो पुन्हा बसलो. अळीने नेलेला कापूस, सोसायटीचे कर्ज, सारे त्याने एकेक करून सांगितले. मी कर्ज फेडू शकत नव्हतो. पण ऐकून घेतले, आणि हप्त्यांसाठी सोसायटीत सोबत जायचे ठरवले. निघताना त्याचा चेहरा थोडा सैल झाला होता.

तेव्हा घरातल्यांनी हा फरक कानात ठेवावा. 'थकलो' म्हणणाऱ्याला विसावा द्या. 'कंटाळलो' म्हणणाऱ्याजवळ बसा, कशाला ते विचारा. आणि कुणी 'जिवाला कंटाळलो' म्हणाला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जा. 14416 हा टेलिमानसचा फोन 2022 सालापासून सुरू आहे. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते.

पिकावरची कीड पहिल्या पानावर ओळखली तर पीक वाचते. माणसाचे दुखणे पहिल्या शब्दावर ओळखावे.