पंधराचा आकडा आणि पूर्णाकाठची जमीन



अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या माणसाला जमिनीचे दुखणे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन दिवस झड लागली की तासांत पाणी उभे राहते, वाफसा येत नाही, डवरा घालता येत नाही. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले की तीच पऱ्हाटी माना टाकते. हात-दीड हात खणले तर खाली कोरडे ठण्ण. सरकारी पत्रिकेत मात्र याच जमिनीपुढे शेरा असतो : क्षार सामान्य.

२०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका वाटली जाते. तीत बारा गोष्टी आहेत. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. चिकणमातीच्या कणाला चिकटलेला सोडियम त्यात नाही! आपला रोग तर तोच. सोडियम चिकटला की ओल लागताच माती फुगते, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. विरघळलेले क्षार कमी असले तरी हे घडते, म्हणून क्षारतेचा आकडा बघून साहेब निर्धास्त.

कोणी हट्टाने सोडियम तपासून घेतलाच, तर पुढे पंधराचा आकडा उभा. विनिमययोग्य सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर असेल तरच जमीन चोपण, असे शेतकी कॉलेजात आम्हालाही शिकवले. हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १९५४ सालच्या पुस्तिकेतून आला. तो कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेने ठरवला. फुगणाऱ्या-भेगाळणाऱ्या काळ्या मातीला तो बसत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विदर्भातल्या जमिनी तपासून दाखवले, की पाच टक्क्यांच्या आसपासच निचरा बसू लागतो आणि कापूस मार खातो. म्हणजे सात, नऊ, बारावाला शेतकरी शेतात आजारी आणि कागदावर धडधाकट.

मग जिप्सम घ्या म्हणतात. जिप्सम चांगलेच आहे. त्यातले कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवते. पण हटलेला सोडियम जाणार कुठे? त्याला पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जायला चर हवा, चराला नाला हवा, आणि नाला तर बाभळीने बुजलेला. चराशिवाय जिप्सम म्हणजे मोरी तुंबवून आंघोळ. (चुनखडी आपल्या रानात ढिगाने आहे, पण चढ्या सामूत ती विरघळत नाही. ढैंचा, बोरू गाडला तर थोडी विरघळते. बियाण्याच्या पैशात होणारे काम आहे, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.)

विहिरीचे पाणी तर विचारू नका. खोल गेले की खारे. ते पाणी सुकत्या पऱ्हाटीला देणे म्हणजे पुढच्या वर्षीची जमीन आज विकणे. आपल्याकडे गोडे पाणी एकच, पावसाचे. ते शेततळ्यात धरावे आणि बोंडे भरताना एक-दोन पाण्याला वापरावे. आपल्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून अस्तराचीही सहसा गरज पडत नाही. जो दोष पिकाला मारतो तोच तळे राखतो. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावरचा कृषी संजीवनी प्रकल्प या पट्ट्यात आला, त्यात शेततळ्याला अनुदानही होते. पण रीत अशी, की आधी पदरचे घालून खोदा, मग पैसे मिळतील. ज्याच्या पदरी काही नाही त्याने खोदायचे कशाने?

आमचे मागणे मोठे नाही. पूर्णा खोऱ्यातल्या पत्रिकेत सोडियम हा तेरावा रकाना घाला. मर्यादा इथल्या मातीची लावा. जिप्समच्या पोत्याआधी नाला मोकळा करा. तळ्याचे पैसे खोदताना द्या.

जिल्हा बैठकीला येताना आपली पत्रिका आणा. विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून, वर गट नंबर लिहून आणा. पाणी आणि माती दोन्ही तपासायला एकदमच देऊ, आणि निकालाचे कागद घेऊनच कलेक्टर कचेरीवर जाऊ.