मर्जीचा आकडा आणि साथीदाराचा नकार

30 जानेवारी 1948 रोजी निजाम राजवटीतली, नांदेड भागातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला पैसा हवा होता. अशा कामाला माणूस निवडायचा तर नेमबाजीच्याही आधी भरवसा पाहावा लागतो. ऐनवेळी कच कोण खाणार नाही, कोणाच्या तोंडून शब्द बाहेर जाणार नाही, हाती आलेल्या रकमेचा मोह कोणाला पडणार नाही, हे आधी ओळखावे लागते. त्याच उमरीत आज पोरांच्या मोबाइलवर बीजीएमआय हा लढाईचा गेम चालतो. त्यातला साथीदार म्हणजे कुठेतरी फोन धरून बसलेला जिवंत दोस्तच असतो. रोल-प्लेइंग गेममध्ये मात्र साथीदार हे लेखकाने लिहिलेले पात्र असते आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास प्रोग्रामला मोजावा लागतो. हा विश्वास मोजायचा कसा, हा प्रश्न आम्हाला पोरखेळ वाटत नाही.

सर्वांत रुळलेली रीत म्हणजे मर्जीचा आकडा. 2009 च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये साथीदाराची मर्जी उणे 100 ते अधिक 100 अशी मोजली जाते. अडल्यानडल्याला मदत केली की एकाची मर्जी वाढते. दयेला दुबळेपणा मानणारी मॉरिगन त्याच कृतीने नाराज होते. रात्री तळावर निवांत बोलता येते. आकडा वर सरकला की साथीदार मनातले उलगडतो, लढाईतही त्याचे बळ वाढते. इथवर सारे ठीक. पण भेटवस्तू देऊनही मर्जी मिळते, आणि खोट नेमकी तिथे आहे. प्रत्येक पुढच्या भेटीचे मोल घटवून निर्मात्यांनी लगाम घातला खरा. तरीही दिवसा एखाद्याचे मन मोडायचे आणि रात्री वस्तू देऊन भरपाई करायची, हे जमतेच. मग खेळणारा माणसे वाचायचे सोडून जमाखर्च वाचू लागतो.

यावर उपाय झाले. 2010 च्या ‘मास इफेक्ट 2’मध्ये प्रत्येकाचे एक अडलेले काम तुम्ही तडीस नेता; नेले नाही, तर शेवटच्या मोहिमेत त्याच्या जिवावर बेतू शकते. 2011 च्या ‘ड्रॅगन एज 2’ने सतत वाद घालणाऱ्यालाही जवळचा मानले: मैत्रीइतकेच चुरशीचे नातेही तिथे घट्ट होते. ज्याने आयुष्यभर हुज्जत घालणारा मित्र जपला आहे, त्याला यातले मर्म सांगायला नको.

आमच्या मते मात्र या खेळांची खरी उंची साथीदाराच्या नकारात दिसते. ‘ओरिजिन्स’मध्येच पवित्र रक्षेचा कलश तुम्ही विटाळलात, तर तिथे सोबत असलेली वृद्ध विन तुमच्याविरुद्ध उभी ठाकते. तिची मर्जी किती होती, याने तेव्हा काही फरक पडत नाही. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये निर्वासितांच्या आसऱ्यावर चालून जाणाऱ्यांना तुम्ही साथ दिलीत, तर विल आणि कार्लाक तुम्हाला सोडून जातात. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो साथीदार नव्हे, सामान आहे.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा खेळ जगापुढे ठेवला, तेव्हा इथली माणसे हे काम करू शकतात, हे दिसले. नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी उमरीचा प्रसंग खेळासाठी हाती घ्यावा. त्यातल्या साथीदारांच्या डोक्यावर मर्जीचा आकडा दाखवू नये. लुटीतली रक्कम स्वतःसाठी ठेवू पाहणाऱ्या नायकाला त्यांनी तिथेच अडवावे, न ऐकल्यास सोडून जावे. त्यासाठी या मुलांनी पहिले काम गावात येऊन करावे: ज्या घरांत त्या लढ्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, तिथे बसून त्या लिहून घ्याव्यात. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.