कोणत्या खिडकीला जायचे?



एक आजी कचेरीच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रे. आम्ही विचारले, "आजी, काय काम काढलंत?" म्हणाली, "घरकुलाचं इचारायचं हाय. तीन टेबलं झाली बाबा. तिसरा जेवाया गेला."

आजी चुकीच्या इमारतीत आली होती. ती तहसील कचेरी होती. रमाई आवास घरकुलाचे काम गावच्या ग्रामपंचायतीपासून सुरू होते आणि पंचायत समितीत जाते. एवढे एक वाक्य तिला सकाळपासून कोणी सांगितले नव्हते. कचेरी कोणती ते आम्ही सांगत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला आपापली कचेरी आठवली असेलच.

त्या दिवसापासून आम्ही मंडळातले चार-पाच जण दाखल्यांच्या हंगामात, म्हणजे जून-जुलैत, कचेरीच्या आवारात बसू लागलो. टेबल नाही, पाटी नाही, पैसा घेत नाही. कोणी चहा पाजू लागला तर तोही घेत नाही, कारण आज चहा घेतला की उद्या आमच्यात आणि दलालात फरक काय उरला? अर्ज आम्ही भरत नाही. फक्त कुठे जायचे ते सांगतो. हे काम सोपे वाटते, पण तसे ते नाही.

आधी पाट्यांचेच घ्या. दारावर 'बारनिशी' लिहिलेले असते. आपल्या किती मायबहिणींना ठाऊक आहे की बारनिशी म्हणजे आवक-जावक, जिथे अर्ज देऊन पोच घ्यायची? 'पुरवठा' म्हणजे रेशनकार्ड. 'जमाबंदी' म्हणजे जमिनीची कामे. 'कुळकायदा' म्हणजे १९४८ च्या कायद्याखालची कुळांची प्रकरणे. 'फौजदारी' वाचून माणूस दचकतो, पण तिथे कोणी बेड्या घेऊन बसलेले नसते. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारीही असतात, त्या कामाची ती शाखा. आणि 'आस्थापना' लिहिलेल्या दाराशी तर कधीच रांग लावू नका. ते कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या पगार-रजा-बदल्यांचे टेबल आहे, तिथे तुमचे-आमचे काहीच काम नसते. तरी आम्ही तिथे लोक ताटकळलेले पाहिले आहेत, कारण ते दार सर्वांत आधी लागते!

आता आपल्या दोन तालुक्यांचा घोळ. खोपोली मोठे गाव, तिथे रेल्वे, तिथे नगरपरिषद. म्हणून नवा माणूस खोपोलीत उतरून तहसील शोधतो, आणि तहसील आहे खालापुरात. जातीच्या दाखल्यावर सही प्रांतांची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांची असते. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांचे प्रांत बसतात कर्जतला. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलदारांचा, तो ज्याच्या त्याच्या तालुक्यात. समाज कल्याणचे जिल्हा कार्यालय अलिबागला. आणखी एक गंमत अशी की कर्जत नावाचा तालुका नगर जिल्ह्यातही आहे, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तेव्हा अर्जावर, पाकिटावर आणि सेतू केंद्रात संगणकावर माहिती भरताना 'जिल्हा रायगड' आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

हे सारे पाठ असूनही आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवण्यात अर्थ नाही.

खालापूरच्या कचेरीबाहेर एक बंधू भेटले. कारखान्यात कंत्राटी कामगार, पाळी बुडवून आलेले. म्हणाले, "मुलीच्या कॉलेजसाठी दाखला हवा." आम्ही ऐकले ते 'जातीचा दाखला'. ठसक्यात सांगितले, "दादा, ते प्रांतांकडे. कर्जतला जा." ते मिनिडोरने खोपोलीला गेले, तिथून लोकलने पळसदरीवरून कर्जतला. तिथे कागद दाखवल्यावर कळले की मुलीचा जातीचा दाखला केव्हाच झालेला आहे. हवा होता उत्पन्नाचा, शिष्यवृत्तीसाठी, आणि तो ज्या दाराबाहेर आम्ही त्यांना गाठले त्याच दाराच्या आत मिळायचा होता. तो शुक्रवार होता. परत येईपर्यंत कचेरी बंद. शनिवार-रविवार सुट्टी. कॉलेजने अर्जाला दिलेली शेवटची तारीख होती सोमवार.

पुढे मुदत वाढली म्हणून निभावले. वाढली नसती तर त्या मुलीचे वर्षाचे शुल्क बापाच्या अंगावर पडले असते, आणि कंत्राटी पगारात ते भागले नसते. दादा आम्हाला काही बोलले नाहीत. आम्हालाच त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

तेव्हापासून आम्ही 'कुठे जायचंय' असे विचारत नाही. 'कागद कोणता आणि कशासाठी' असे विचारतो. हातात शाळेची वा कॉलेजची चिठ्ठी असेल तर ती वाचून घेतो. मग काम कुठे संपते ते न सांगता कुठे सुरू होते ते सांगतो.

सांगण्याचीही एक रीत आहे. 'पहिला मजला' म्हटले की निम्मे लोक तळमजल्यावरच थांबतात, त्यांच्या हिशोबी तोच पहिला. उजवे-डावे घाईत उलटते. "जिना चढा, जेवायच्या हाताला वळा, पाण्याच्या पिंपापुढची दुसरी खोली," असे सांगितले की कातकरी वाडीवरून आलेली बाईसुद्धा नेमकी पोचते. म्हातारे माणूस असेल किंवा पायाने अधू असेल तर आमच्यातला एक जण वर जाऊन साहेब जागेवर आहेत का ते आधी पाहून येतो. सार्वजनिक इमारतीत अपंगांना सहज जाता आले पाहिजे, असा २०१६ चा कायदा आहे. पण कायदा होऊन जिना काही खाली येत नाही.

ब्राझील देशातल्या साओ पाउलो राज्याने १९९७ साली अनेक खात्यांची कामे एका छताखाली आणली. नाव ठेवले 'पोपातेम्पो', म्हणजे वेळ वाचवा. तिथे आत शिरताच माणसाला आधी विचारतात, काम काय? आपल्याकडे सेतू निघाले, 'आपले सरकार'चे संकेतस्थळ निघाले, पण दारात विचारणारे माणूस अजून फारसे दिसत नाही.

बोर्ड मात्र पाहा. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे कोणता दाखला, किती दिवसांत, कोण देणार आणि दिला नाही तर अपील कोणाकडे, हे फलकावर लिहिणे बंधनकारक आहे. कारण नसताना दिरंगाई करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि दुसरे, जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. शासनाने ते शुल्क २००४ सालीच माफ केले आणि २०२५ मध्ये पुन्हा बजावले.

जुन्या पुराव्यासाठी अभिलेख कक्षात जाणाऱ्यांना थोडे जास्त सांगतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. आपल्या आजोबांची नोंद कोतवाल बुकात जन्म-मृत्यूला सापडते, पुष्कळदा मोडी लिपीत. तिथे 'महार' लिहिलेले असते, आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध'. यात विसंगती नाही, मध्ये १९५६ साल आहे. केंद्रानेही १९९० मध्ये बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश केला. कारकुनाने शंका काढली तर न भांडता एवढे सांगा. जुन्या कागदावर 'जिल्हा कुलाबा' दिसले तरी घाबरू नका. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे आहे.

कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. २९ फेब्रुवारी २०२० पासून आठवडा पाच दिवसांचा झाला, तरी दुसऱ्या-चौथ्या शनिवारचा जुना हिशोब धरून पहिल्या शनिवारी येणारे अजून भेटतात. एक ते दोनमध्ये अर्धा तास जेवणाचा. तेव्हा सकाळी लवकर निघा, डबा आणा, मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पिशवीत ठेवा. आणि आजीला घेऊन येत असाल तर तिचा चष्मा घरी विसरू नका.